फोल्डरच्या पोटात फोल्डर

फाइलला नाव देताना लोक निबंध का लिहितात, हे धाकटीला कधी कळलं नव्हतं. आधी ‘अंतिम’, मग ‘अंतिम दुरुस्त’, मग ‘अंतिम दुरुस्त साहेबांनी पाहिलेली हीच घ्यावी’. बरं, एवढ्यावर भागतंय का? तर नाही. असली फाइल तसल्याच लांबलचक नावाच्या फोल्डरमध्ये आणि तो फोल्डर आणखी एका फोल्डरमध्ये. ज्याला दोन शब्दांत नाव ठेवता येत नाही त्याने कॉम्प्युटरला हात लावू नये, असं तिचं स्पष्ट मत होतं. मत घरापुरतं असतं तर बिघडलं नसतं. पण ज्यांना तिने जन्मात पाहिलं नव्हतं अशा कितीतरी माणसांच्या फाइली त्या मतावर अवलंबून होत्या.

धाकटी प्रोग्रामर होती. नोकरी एका कंपनीत, आणि नोकरीपलीकडे फुकटची उठाठेव म्हणजे एक लायब्ररी सांभाळायची. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. कॉम्प्युटरच्या जाती वेगवेगळ्या असतात. फाइल कुठे ठेवली आहे याचा पत्ता एका जातीला एका रीतीने सांगावा लागतो, दुसरीला दुसऱ्या. प्रोग्राम लिहिणाऱ्याने प्रत्येकीची मिजास कुठवर सांभाळायची? म्हणून तो धाकटीची लायब्ररी आपल्या प्रोग्राममध्ये बसवून घेई आणि फाइल उघड, फाइल हलव, फाइल पूस एवढंच म्हणे. पुढचं दुभाष्याचं काम लायब्ररी करी, आणि बरीक चांगलं करी.

या जातींमधली एक फार जुन्या वळणाची. पत्ता अडीचशेहून थोड्या जास्त अक्षरांपर्यंत असला तर ऐकायची, त्यापुढे गेला की कानांवर हात. तोच पत्ता काही ठरावीक चिन्हं आधी लावून सांगितला तर मात्र मुकाट्याने ऐकायची. धाकटीची लायब्ररी ती चिन्हं लावत नव्हती. सुरुवातीच्या काळात लांब पत्ता आला की लायब्ररी अडून बसे आणि अख्खा प्रोग्राम बंद पडे. लोक तक्रारी करकरून बेजार करत. शेवटी एकदा कंटाळून तिने उपाय काढला: पत्ता फार लांब असला तर आरडाओरडा करायचा नाही, फोल्डर रिकामा आहे असं समजून पुढे जायचं. तक्रारी थांबल्या. तक्रारी थांबल्या म्हणजे दोषही गेला, असं तिने बेलाशक धरून टाकलं.

लायब्ररीच्या कामात तिला एक जोडीदार होता. त्याच्या फोटोच्या जागी घुबड होतं, म्हणून ती त्याला घुबडच म्हणायची. दोघं कधी समोरासमोर भेटले नव्हते, पण भांडण मात्र जुन्या शेजाऱ्यांसारखं चाले. लांब नावांचं आपण काहीतरी करायला हवं, असं घुबड वर्षानुवर्षं लिहीत होता, आणि नावं लहान ठेवा, असं धाकटी वर्षानुवर्षं उत्तर देत होती. अखेर त्याने स्वतःच खपून ती दुरुस्ती लिहिली. ती इतकी नेटकी होती की नाक मुरडायला जागाच उरली नाही. त्या दिवशी सकाळी ऑफिसात टेबलाशी बसून धाकटीने ती शेवटची एकदा वाचली आणि नवी आवृत्ती जगासाठी खुली करून टाकली. बटण दाबताना तिला बरंच वाटलं. आपण मोठ्या मनाच्या आहोत, असंही थोडंसं वाटलं.

मग ती चहा घेऊन आली, आणि घुबडाचा निरोप येऊन पडला होता. त्याचा आनंद गगनात मावत नव्हता. खोलातले सगळे फोल्डर आता स्वच्छ दिसतात, असं त्याने लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती: ‘आणि नुसतं कॉपी करणंच नाही, पुसणंही सुधारलं. इतके दिवस पुसताना जे खोलातलं मागे राहून जायचं, ते आता राहणार नाही.’

ती ओळ तिने दोनदा वाचली.

तिला ताई आठवली. खरं तर ताईचं कालचं बोलणं आठवलं.

धाकटीचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. तो इतक्या लहानपणी गेला की असल्याची आठवणही नव्हती, आणि त्यावरून कुणी हळवं व्हायला लागलं की तिला वैताग येई. तिचे नकली पाय एका मास्तरांच्या कार्यशाळेत बनत. वाढत्या वयात पाय सारखा बदलावा लागतो, त्यामुळे तिचं निम्मं बालपण त्या कार्यशाळेच्या बाकावर गेलं, आणि तिला सोबत म्हणून येणाऱ्या ताईचंही. धाकटी तिथे बसून कंटाळायची, ताई मात्र बघत राहायची. बघता बघता ती शिकली, आणि आता तिथेच काम करत होती. माप घेणं, प्लास्टरचा साचा काढणं, सॉकेट घडवणं. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोल वाटी. मास्तरांचे हात थरथरायला लागल्यापासून अवघड पोरं ताईकडेच येत.

मास्तरांची फाइली ठेवायची रीत जगावेगळी होती. पोराचा पहिला पाय झाला की त्याचा एक फोल्डर. दुसरा पाय झाला की त्याचा फोल्डर पहिल्याच्या आत. तिसऱ्याचा दुसऱ्याच्या आत. नवा पाय जुन्यातूनच निघतो, मग फोल्डर वेगळा कशाला, असा त्यांचा सवाल. आणि नाव म्हणजे नुसता आकडा नव्हे, अख्खं वाक्य: ‘दुसरा पाय, आतल्या बाजूने टोचत होता, मोकळा केला’. नवं माप घ्यायचं असलं की बाहेरून आत एकेक फोल्डर उघडत जायचं, आणि शेवटच्या मापापर्यंत पोचेतोवर त्या पोराच्या सगळ्या जखमा वाचून झालेल्या असत. जिथे एकदा कातडी सोलली तिथे सॉकेट पुन्हा टेकता कामा नये. ही मापं हाताशी नसली तर प्रत्येक जखम पुन्हा पहिल्यापासून. हे धाकटीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, तिच्या कातडीला ते पाठ होतं. कार्यशाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा पहिला फोल्डर मास्तरांनी तिचाच केला होता. तरीही ती या रीतीला हसायची.

आता कार्यशाळेने नवं मशीन घेतलं होतं आणि जुनं एका शाळेला द्यायचं ठरलं होतं. मुलांची माहिती नव्यावर हलवायची, मग जुन्यावरून काढून टाकायची. त्यासाठी एका कंपनीचा प्रोग्राम आणला होता. ताई त्याला हमाल म्हणायची. या हमालाच्या आत धाकटीचीच लायब्ररी होती, आणि ताईला त्याचा अभिमान होता. मागे एकदा तिने सांगितलं होतं की हमालात एका मुलाचा आतला फोल्डर रिकामा दिसतो, तसा उघडला तर भरलेला असतो. धाकटी तेव्हा कसल्याशा गडबडीत होती. तुमची नावं लांब आहेत, लहान करा, एवढं सांगून तिने फोन ठेवला होता. काल ताईचा पुन्हा फोन आला. हमालाने सगळं नव्या मशीनवर नेलं, नंतर दोन्हीकडचं ताडूनही पाहिलं, तंतोतंत जुळलं म्हणतो. उद्या जुनं पुसायचं आहे.

“डोळे झाकून करू ना?” ताईने विचारलं होतं.

“डोळे झाकून कर,” धाकटी म्हणाली होती.

आता चहा तसाच टेबलावर ठेवून तिने सगळा हिशेब मनात मांडला. काल हमालाच्या आत जुनी लायब्ररी होती. खोलातलं तिला दिसलंच नाही, म्हणून तिने ते नेलंच नाही. ताडून पाहतानाही तेच डोळे, त्यामुळे दोन्ही बाजू जुळणारच. आज जुन्या लायब्ररीने पुसलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. जे दिसत नाही ते पुसताही येत नाही, ते बिचारं तिथेच पडून राहिलं असतं. पण आता नवी लायब्ररी निघाली होती आणि हमालाची कंपनी रोज नवं काही आलं आहे का ते बघून उचलत असे. नव्या लायब्ररीला सगळं दिसत होतं. कालपर्यंत न नेलेलं सगळं ती आज वेचून वेचून पुसणार होती. सर्वांत जास्त पाय झालेली पोरं सर्वांत खोलात होती. ज्यांच्या जखमा सर्वांत जास्त, त्यांचीच मापं जाणार होती.

तिने ताईला फोन लावला. वाजत राहिला. ताईचे हात प्लास्टरमध्ये असले की ती फोन घेत नसे. कार्यशाळेचा फोन सारखा गुंतलेला. घुबडाला तिने धडाधड लिहून कळवलं, नवी आवृत्ती मागे घे म्हणाली. त्याने एका शब्दाने का असं विचारलं नाही. थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं: ‘मागे घेतली. पण हमालवाल्यांनी ती आधीच उचलली आहे. त्यांना फोन करतोय, तिकडे नुसतं संगीत वाजतंय.’

धाकटीने लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि कुणाला काही न सांगता ऑफिसातून निघाली.

टॅक्सी मिळाली, पण पुलावर येऊन रुतली. पुढे एक मालमोटार आडवी झाली होती, ड्रायव्हर मंडळी खाली उतरून एकमेकांना अक्कल शिकवत होती. धाकटीने पुन्हा ताईला फोन लावला, पुन्हा कार्यशाळेला लावला. टॅक्सीवाल्याने तिच्याकडे आरशातून पाहिलं आणि दवाखान्यात जायचं आहे का म्हणून विचारलं. ती नाही म्हणाली, पैसे त्याच्या हातात दिले आणि उतरली. हातातली गाडी सोडून पायी निघालेल्या गिऱ्हाइकाकडे तो बघतच राहिला.

ती धावली. बऱ्याच काळात ती अशी धावली नव्हती. रोजच्या चालण्यासाठी बनवलेला पाय होता, धावण्याचा त्याचा करार नव्हता. पूल उतरेतोवर सॉकेटच्या कडेला घामाने घसरायला लागलं, बाजाराच्या गल्लीत शिरेतोवर आतल्या बाजूला आग पेटली. तिथेच, अगदी तिथेच तिला लहानपणी जखम व्हायची. अलीकडच्या सॉकेटमध्ये ती जागा कधी टेकली नव्हती म्हणून इतके दिवस ती विसरली होती. कुणीतरी वाटेत हातगाडी लावली होती. तिने ती ओलांडली कशी ते तिला नंतर आठवेना. स्वतःला शिव्या देण्यासाठी श्वास उरला नव्हता, नाहीतर तेही केलं असतं.

कार्यशाळेचं दार ढकलून ती आत आली तेव्हा सगळं नेहमीसारखं चाललं होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. भिंतीला ओळीने पाय टांगलेले. प्लास्टरच्या खोलीचं दार लोटलेलं, आतून ताईचा आवाज येत होता, ती कुणा मुलीला पाय हलवू नकोस म्हणत होती. मास्तर खिडकीशी बसून टेलिफोनवर कुणाशी तरी चामड्याच्या भावावरून हुज्जत घालत होते. आणि कोपऱ्यात जुन्या मशीनसमोर मशीनवाला बसला होता. मशीनवाला म्हणजे ज्याच्याकडून कार्यशाळेने नवं मशीन घेतलं तो. भला माणूस, कामाला चोख.

“पुसलं का?” धाकटीने दारातूनच विचारलं.

मशीनवाल्याने वळून पाहिलं. “सकाळीच पुसलं, मॅडम,” तो म्हणाला. नवी आवृत्ती आली आहे, आता घ्यायची की नंतर, असं हमालाने विचारलं होतं का, हे तिने विचारलं. हो, विचारलं होतं. मग? मग काय, नंतर म्हटलं, नेहमीसारखं. असल्या प्रश्नाला आता घेतो कोण?

धाकटीला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. जगातल्या सगळ्या आळशी, टाळाटाळ करणाऱ्या, ‘नंतर’ म्हणणाऱ्या माणसांवर तिचा आजवर भयंकर राग होता. तो सगळा राग तिने त्या क्षणी मागे घेतला.

पण मशीनवाला चोख होता ना. तो पुढे सांगायला लागला, की पुसलं खरं, पण वरचे फोल्डर काही केल्या जाईनात. हमाल म्हणतो आतून रिकामे आहेत, पण काढायला गेलं की निघत नाहीत. रिकाम्या खोलीचं दार आतून कडी लावल्यासारखं कसं? असं अर्धवट काम शाळेत पाठवायचं त्याला बरं वाटेना. मग त्याने विचार केला, नव्या आवृत्तीत ही भानगड सुधारली असेल. म्हणून आत्ताच ती घेतली.

“आणि बघा,” तो पडद्याकडे बोट करत समाधानाने म्हणाला, “निघायला लागले.”

पडद्यावर एक निळी पट्टी होती आणि ती डावीकडून नुकतीच सरकायला लागली होती.

धाकटी काही बोलली नाही. ओरडली असती तर त्याने आधी काय म्हणून विचारलं असतं, तिने सांगितलं असतं, आणि तेवढ्यात पट्टी पुढे गेली असती. ती तीन ढांगांत कोपऱ्यापर्यंत गेली, खाली वाकली आणि भिंतीतला प्लग धरून ओढला. पडदा काळा झाला. आतला पंखा घरघरत थांबला.

त्या कार्यशाळेत चालू मशीनचा प्लग ओढणं हा सर्वांत मोठा गुन्हा होता. मास्तरांनी फोन तसाच खाली ठेवला. चामडेवाला पलीकडून हॅलो हॅलो करत राहिला. मशीनवाला उभा राहिला होता आणि तिच्या हातातल्या वायरकडे बघत होता. प्लास्टरच्या खोलीचं दार उघडलं आणि ताई बाहेर आली, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे, ते अंगापासून दूर धरलेले.

“धाकटे, काय झालं?”

वाटभर धाकटीने सांगायचं कसं याची जुळवाजुळव केली होती. हमालाची कंपनी, जुन्या वळणाचं मशीन, मास्तरांची रीत, दोष वाटून घ्यायला जागा पुष्कळ होती. पण ताईला समोर बघितल्यावर त्यातलं काही तोंडातून येईना.

“काल हमालाने सगळं नेलंच नाही,” ती म्हणाली. “जे खोल होतं ते त्याला दिसलं नाही. तपासताना पण दिसलं नाही. आणि आज दिसायला लागलं ते पुसताना. त्याची चूक नाही, ताई, माझी आहे. तू मला आधी सांगितलं होतंस फोल्डर रिकामा दिसतो म्हणून. मी ऐकलं नाही. वर डोळे झाकून कर म्हणाले.”

ताई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त कोपराने नव्या मशीनकडे खूण केली आणि आतल्या मुलीचा फोल्डर उघडायला सांगितलं.

धाकटी उघडत गेली. पहिला पाय होता. त्याच्या आत दुसरा. त्याच्या आत तिसऱ्याचा फोल्डर, आणि तो उघडला तर आत काहीच नाही. पांढरा पडदा.

“हिचा सहावा पाय आहे हा,” ताई म्हणाली. “मागच्या खेपेला हिला हाडावर जखम झाली होती. महिनाभर चालली नाही पोर. कुठे जागा सोडायची ते सगळं त्यात आहे, धाकटे. मी साचा काढायला घेतलाय आत.”

आतून ती मुलगी बाकावर टाच आपटत असल्याचा आवाज येत होता. मास्तर उठून जुन्या मशीनपाशी आले आणि त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले.

मशीनवाल्याला आपण काय करत होतो ते आता कळलं होतं, आणि त्याचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, मशीन परत चालू करून बघूया. धाकटी नाही म्हणाली. चालू केल्याबरोबर हमाल अर्धवट राहिलेलं काम आपणहून पुरं करायला घेईल की नाही, याची तिला खात्री नव्हती, आणि आज खात्री नसलेली कुठलीच गोष्ट तिला करायची नव्हती. डिस्कच बाहेर काढायची. मशीनवाल्याच्या पिशवीत पेचकस होता, डिस्क दुसऱ्या मशीनला जोडायची वायरही होती. तो गुडघ्यांवर बसून स्क्रू काढायला लागला. एक स्क्रू गंजून बसला होता, तो फिरता फिरेना. मास्तर तोंडाने नुसतं हळू, हळू म्हणत होते. ताई तशीच उभी होती, हातांवरचं प्लास्टर वाळून त्याला भेगा पडायला लागल्या होत्या.

डिस्क धाकटीच्या लॅपटॉपला जोडली. तिच्या लॅपटॉपची जात वेगळी. तिला लांब पत्त्यांचं कधी वावडं नव्हतंच. म्हणून तर इतकी वर्षं धाकटीला स्वतःच्या टेबलावर हा दोष कधी दिसला नव्हता, आणि ज्यांना दिसला ते लोक तिला निबंध लिहिणारे वाटले होते. डिस्क फिरायला लागली. आतून दोनदा टकटक आवाज आला. मग पडद्यावर फोल्डर उमटले.

तिने त्या मुलीचं नाव शोधलं. वरचे मजले सकाळी पुसले गेले होते, त्यांतल्या फाइली गेल्या होत्या, पण त्या नव्या मशीनवर सुखरूप होत्या. खाली गेली. तिसऱ्याच्या आत चौथा. चौथ्याच्या आत पाचवा: ‘पाचवा पाय, हाडावर जखम, इथे कधीही टेकू नये, मुलगी सांगत नाही, विचारावं’. तो उघडला. मापं होती. सगळी होती.

ताईने पडदा जवळून वाचला. एकदा, पुन्हा एकदा. मग ती प्लास्टरच्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. आतून नळाचं पाणी वाहायला लागलं, बराच वेळ वाहत राहिलं. मास्तरांनी तोपर्यंत चामडेवाल्याचा फोन जागेवर ठेवला. आपण मध्येच फोन टाकला म्हणून तो आता भाव वाढवणार, असं ते कुणाला तरी उद्देशून म्हणाले.

दुपारभर धाकटी एकेका मुलाचा फोल्डर नव्या मशीनवर नेत राहिली. हमालाला तिने शिवू दिलं नाही. घुबडाची दुरुस्ती लावून, स्वतःच्या हाताने, एकेक नाव डोळ्यांनी वाचून ती नेत होती. वाचावीच लागत होती. ‘चौथा पाय, सायकल चालवायची म्हणतो, टाच मऊ दिली’. ‘सातवा पाय, लग्न ठरलं आहे, चप्पल घालता येईल असा’. ही माणसं निबंध लिहीत नव्हती हे तिला आता कळलं, आणि ते इतकं उशिरा कळल्याची तिला लाज वाटली. मशीनवाला शेजारी बसून दोन्हीकडचं ताडून बघत होता. एकेक जुळत गेलं. एकाही पोराचं काही गेलं नव्हतं.

शेवटी उरला यादीतला पहिला फोल्डर. पुसणं तिथूनच सुरू झालं होतं. आणि पुसताना आधी सर्वांत आतलं पुसावं लागतं, मग त्याच्या बाहेरचं. ती निळी पट्टी जेवढी सरकली होती तेवढं गेलं होतं, ते सगळं याच एका फोल्डरच्या पोटातून.

धाकटीने तो उघडला. ‘पहिला पाय, रडली, ताई पण रडली’. त्याच्या आत ‘दुसरा पाय, उभी राहिली’. मग ‘तिसरा पाय, जिना चढते, उतरताना बसून उतरते’. मग ‘चौथा पाय, शाळेत पळायच्या शर्यतीत नाव दिलं, घरी सांगितलं नाही, आम्हीही सांगितलं नाही’. ती एकेक उघडत आत गेली. मास्तरांचं लिहिणं संपून मध्येच ताईचं सुरू झालं होतं, तिची वाक्यं अधिक लांब होती. ‘नववा पाय, आतल्या बाजूला जुनी जागा, दुखतं पण दुखत नाही म्हणते, नखभर जास्त सोडलं, तिला कळू दिलं नाही’. तो उघडला, आणि त्याच्या आत काही नव्हतं. या खेपेला खरोखरच नव्हतं. त्यापुढचे सगळे पाय गेले होते, ती आत्ता घालून बसली होती तोही.

मशीनवाला म्हणाला, पुसलेलं खणून काढता येतं कधी कधी. बघू, मास्तर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. आता त्या डिस्कला कुणी जास्त छळू नये असंच त्यांना वाटत होतं. घुबडाचा निरोप येऊन पडला होता, काय झालं म्हणून विचारत होता. धाकटीने लिहिलं, ‘मुलांचं सगळं वाचलं. माझं थोडं गेलं.’ आणखी काही लिहावंसं वाटेना.

ताई आली तेव्हा हात धुतलेले होते. तिने धाकटीच्या खांद्यावरून पडदा वाचला. मग तिला उठवलं, प्लास्टरच्या खोलीत नेऊन बाकावर बसवलं. त्या मुलीला घरी पाठवून झालं होतं, बाकावर पांढरे थेंब सांडले होते. ताईने तिचा पाय सोडवला, मोजा उलटा करून काढला, आणि आतल्या बाजूची सोललेली जागा पाहून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. ते कौतुक नव्हतं.

“पुलापासून धावत आलीस?”

धाकटीने मान हलवली. तिला एकदम रडू आलं. दुपारभर आलं नव्हतं ते आता आलं, आणि तिने ते येऊ दिलं. ताईने तिला रडू दिलं आणि जखमेला औषध लावत राहिली. औषध झोंबत होतं.

“माफ कर, ताई.”

“त्या पोरीचं गेलं असतं तर केलं नसतं,” ताई म्हणाली. तिने ते खरं सांगितलं होतं, हे धाकटीला कळलं. “तुझं गेलं त्याचं काय? पाय तुझ्याकडेच आहे. पुन्हा माप घेऊ. आज नको पण, सुजलाय. सूज उतरली की ये.”

मग तिने बाहेरून धाकटीचा लॅपटॉप आणून मांडीवर घेतला. नवव्या पायाच्या फोल्डरच्या आत तिने एक नवा फोल्डर केला आणि एका बोटाने नाव टाइप करायला लागली. तिला टाइप करताना नेहमीच वेळ लागे. धाकटी डोळे पुसत बाजूला बसून बघत होती: ‘नवा पाय, माप घ्यायचं आहे, पुलावरून धावत आली, प्लग ओढला, आतल्या बाजूला परत सोलवटलं, या वेळी नखभर नाही दोन नखं सोडायचं, आणि तिला सांगायचं’.

टाइप करता करता ताई थांबली.

“फार लांब होतंय का गं?”

“होऊ दे,” धाकटी म्हणाली.